वडगावात दुमजली घर भाड्यासाठी घ्यावे का? लीजचा सल्ला योग्य आहे का?

प्रश्न (खानापूरचे एक शिक्षक)

नमस्कार. बेळगावच्या वडगावात एक जुने दुमजली घर 34 लाखांना मिळत आहे. माझ्याकडे 10 लाख आहेत. उरलेल्या 24 लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी काढल्यास दरमहा 23,634 रुपये हप्ता बसतो. खालच्या मजल्याचे 9,000 आणि वरच्याचे 7,000 असे भाडे सध्या येते, असे मालक सांगतात. मध्यस्थांचा सल्ला असा की खालचा मजला भाड्याने न देता 6 लाख एकरकमी घेऊन तीन वर्षांच्या लीजवर (दरमहा भाडे नाही, मुदत संपली की ते पैसे परत) द्यावा आणि कर्ज तेवढे कमी काढावे. हे हिताचे आहे का?

उत्तर 1 (शहापूरचे घरमालक)

सर, मीही एकदा लीजवर घर दिले होते, म्हणून कळकळीने लिहितो. 6 लाख कमी कर्ज काढल्याने हप्ता सुमारे 5,900 रुपयांनी उतरेल, पण त्यासाठी तुम्ही महिन्याचे 9,000, म्हणजे वर्षाचे 1,08,000 रुपये भाडे सोडणार आहात. तीन वर्षांनी ते 6 लाख जसेच्या तसे परत द्यायचे असल्याने ही रक्कम खऱ्या अर्थाने 18 टक्के दराचे कर्जच ठरते, आणि बँक तुम्हाला साडेआठ टक्क्यांनी देत असताना ते घेण्यात काहीच शहाणपण नाही. माझ्या वेळी मुदत संपली तेव्हा रक्कम तयार नव्हती. भाडेकरू सज्जन होते, तरी घर सोडायला तयार होईनात आणि त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. शिवाय एक वर्षाहून अधिक मुदतीची लीज नोंदवावी लागते, आणि घर बँकेकडे तारण असेल तर बँकेची संमतीही घ्यावी लागते.

सरळ भाडेच धरा. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात 17,000 रुपये निव्वळ व्याज आहे. म्हणजे 16,000 भाड्यातून व्याजही पुरते निघत नाही. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर 1,76,000 रुपये येतील आणि हप्त्यांचे सुमारे 2,83,600 जातील. घरपट्टी आणि डागडुजी सोडूनही दरवर्षी लाखाहून अधिक रुपये पगारातून घालण्याची तयारी असेल, तरच पुढे जा.

उत्तर 2 (टिळकवाडी, कागदपत्रांचे काम करतो)

इसार देण्यापूर्वी ई-खाता, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा डिजिटल उतारा, मागून घ्या. त्याशिवाय आता खरेदीखत नोंदवले जात नाही. बी-खाता (नियमांत पूर्ण न बसणाऱ्या मालमत्तेची नोंद) असेल तर कर्ज द्यायला बँका कचरतात, त्यामुळे खाते कोणत्या प्रकारचे आहे हे आधी पाहा. ऋणभार प्रमाणपत्र (मालमत्तेवरील कर्जे आणि व्यवहारांचा दाखला) मागील तीस वर्षांचे काढा. ही कागदपत्रे बहुधा कन्नडमध्ये असतात आणि आपल्यापैकी अनेक जण मध्यस्थाच्या तोंडी सांगण्यावर सही करतात. प्रत्येक पानाचा अर्थ कन्नड नीट जाणणाऱ्या वकिलाकडून समजून घ्या, कारण हद्दीची एखादी ओळ चुकली तर ती निस्तरायला वर्षे जातात. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क 10 लाखांवेगळे ठेवा, त्याला बँक सहसा कर्ज देत नाही.

करासंबंधी एवढेच सांगतो की भाड्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि व्याजही वजा होते, पण नव्या करप्रणालीत त्यातून झालेला तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही.

उत्तर 3 (अनगोळच्या गृहिणी)

आमचे दोन मजले उद्यमबागेत काम करणाऱ्या कुटुंबांना दिलेले आहेत. दोन्ही मजल्यांना हेस्कॉमचे (इथली वीज कंपनी) स्वतंत्र मीटर आहेत का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. एका मीटरवर दोन बिऱ्हाडे असली की महिन्याच्या शेवटी भांडण ठरलेले. घर शक्य असेल तर जुलैमध्ये, पावसाची झड सुरू असताना पाहा, कारण बेळगावच्या पावसात जुन्या भिंतींची ओल मे महिन्यातल्या ताज्या रंगाखाली दिसत नाही. करार अकरा महिन्यांचा करा आणि अॅडव्हान्स (अनामत रक्कम) घ्या, पण तो खर्च करू नका. परत करायचा पैसा वेगळ्या खात्यात असावा.

प्रश्नकर्ते

सर्वांचे मनापासून आभार. लीजचा विचार सोडला. मालकांकडे ई-खाता मागितला आहे आणि तो मिळेपर्यंत इसार थांबवला आहे.