मदत हवी आहे: मातीकामाचा वर्ग आणि सगळ्यांची मिळून एकच भट्टी

नमस्कार मंडळी. आमच्या कला स्टुडिओत चित्रकला, ठसेछपाई आणि मातीकाम असे वर्ग चालतात. पहिल्या दोन्हींचं बरं चाललंय, घोडं अडलंय ते मातीकामापाशी.

वर्ग आठवड्यातून एकदाच. अर्धवट राहिलेला कप पुढच्या वर्गापर्यंत ओलसर राहिला तरच त्याला कान नीट जोडता येतो. नाहीतर कप सुकलेला, कान ओला. दोन्ही वेगवेगळे आकसतात आणि नेमकी सांध्यावर बारीक चीर पडते. प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळतो, तरी कडा आधी सुकतातच. हवाबंद डब्याच्या तळाशी प्लास्टरचा थर ओतून तो ओला ठेवायचा, असाही एक उपाय आहे. कुणी वापरलाय का? बुरशी धरते का?

दुसरं म्हणजे, काहीजण घरून माती आणतात. साधी लाल माती साधारण १००० ते ११०० अंश सेल्सिअसला भाजतात, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजून दगडासारखी घट्ट होणाऱ्या मातीची, भट्टी १२०० च्या वर जाते. तिथं लाल मातीचं भांडं वाकतं, कधी वितळून भट्टीतल्या फळीला चिकटतं. फळीही गेली आणि शेजारच्याचं कामही! बाहेरची माती सरसकट बंद करावी का? मला तेच बरं वाटतं, पण नव्या माणसाला दारातच नियम ऐकवणं जिवावर येतं.

शिवाय भट्टी किती दिवसांनी लावता तेही सांगा. अर्धी रिकामी लावली तर वीज वाया, आणि भरेपर्यंत थांबावं तर मुलं "माझा हत्ती भाजला का?" विचारून भंडावून सोडतात.