मदत हवी आहे : शोल गुहेत ओहोटी येतच नाही

खाडीकाठचा (सोमवार)
मे महिन्यात मालवणच्या घरी माळ्यावरच्या पेटीत माझी जुनी पोकेमॉन या व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. लहानपणी केवळ जिंकण्याच्या घाईत संपवलेला खेळ या वेळी स्वतःवर बंधने घालून पुन्हा सुरू केला आहे. प्रत्येक नव्या भागात पहिला भेटेल तोच प्राणी पकडायचा, तो बेशुद्ध पडला की मेला असे समजून कायमचा बाजूला ठेवायचा, प्रत्येकाला नाव द्यायचे आणि लढाई चालू असताना औषध वापरायचे नाही, असे नियम आहेत. गावोगावच्या प्रमुखांना हरवून सहा बिल्ले मिळाले असून आता मॉसडीप गावच्या जुळ्या भावंडांशी लढायचे आहे. त्यासाठी मला शोल गुहेतल्या म्हाताऱ्याकडून शंखघंटा करून घ्यायची आहे. शिंपले चार मिळाले, परंतु मीठ ओहोटीलाच मिळते आणि चार दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊनही गुहेत भरतीच असते. भाचा रविवारी मुंबईला परत जाणार आहे, त्याच्यासमोर ही लढाई व्हावी अशी इच्छा आहे. कृपया लवकर सांगा.

जुनी_कॅसेट
पोकेमॉनचा कोणता खेळ, ते आपण लिहिलेले नाही. रूबी, सफायर आणि एमराल्ड या तिन्हींत ही गुहा आहे. कॅसेट अस्सल आहे की बाजारातली नक्कल, आणि आपण ती गेम बॉयवर खेळता की मोबाइलवर, हेही सांगावे. मोबाइलवर असल्यास घड्याळाची सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.

खाडीकाठचा
सफायर. काकांनी मस्कतहून आणलेली निळी पारदर्शक कॅसेट आहे, गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर खेळतो.

हट्टी_खेळाडू
हा त्या काळचा फळांचा प्रसिद्ध दोष आहे. रूबी आणि सफायर 2002 साली जपानमध्ये आले. साधारण वर्षभर खेळल्यावर त्यांतील दिवसांची मोजणी अडकते आणि लावलेली फळझाडे वाढेनाशी होतात. फायररेड या नंतरच्या पोकेमॉन खेळाची कॅसेट तारेने जोडली की हा दोष दुरुस्त होतो. शिवाय एक सुचवतो. घंटेसारखी वस्तू दर हल्ल्यागणिक प्राणी बरा करते, म्हणजे तेही औषधच झाले. आपल्या नियमात ते बसू नये. मी स्वतः फायररेड एकाच प्राण्यावर पूर्ण केला आहे आणि आपणही तसेच करून पाहावे.

देवगडवाली
नियम ज्याने घातले, त्यानेच त्यांचा अर्थ ठरवावा. 2010 साली एका चित्रकाराने रूबी खेळताना स्वतःसाठी असे नियम घातले आणि त्यावर चित्रकथा काढली, तिथूनच नझलॉक हा प्रकार सुरू झाला. वस्तू प्राण्याच्या हाती देण्याची बंदी त्यात नाही.
मूळ प्रश्नाकडे येते. दादा, खेळ सुरू करताना पडद्यावर काही संदेश येतो का?

खाडीकाठचा
येतो, दर वेळी येतो. आतली बॅटरी संपली आहे, खेळ चालेल, असे काहीसे असते. खेळ चालतो म्हणून मी बटण दाबून पुढे जातो.

देवगडवाली
त्याच संदेशात पुढे लिहिलेले असते की घड्याळावर अवलंबून असलेल्या घटना आता घडणार नाहीत. फळांच्या दोषात हा संदेश येत नाही, त्यामुळे हट्टी_खेळाडू यांचे निदान येथे लागू होत नाही. आपण खेळाच्या सुरुवातीला खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजवले होते?

खाडीकाठचा
आत्ताच जाऊन पाहिले. दहा. तेव्हाही दहाच ठेवले होते.

देवगडवाली
मग आपल्या खेळात कायमचे सकाळचे दहा वाजलेले आहेत. गुहेत नऊ ते तीन भरती आणि तीन ते नऊ ओहोटी असते, दिवसाही आणि रात्रीही. सुरुवातीला चार वाजवले असते तर कायमची ओहोटी मिळाली असती आणि आपण आज शिंपल्यांसाठी अडला असता. आपल्या खाडीची भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग असतो. त्या गुहेत यातले काहीच नाही, केवळ सहा-सहा तासांचा हिशेब आहे, आणि तोही कॅसेटमधल्या त्या एका सेलवर (बॅटरीवर) चालतो; तो बदलावा लागेल.

ओटीवरचा
कॅसेटला अजिबात हात लावू नका. माझ्या पोकेमॉन गोल्ड या जुन्या खेळाचा सेल बदलताना पूर्ण खेळ पुसला गेला, आठ बिल्ले गेले.

जुनी_कॅसेट
गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये साठवलेला खेळच सेलवर जिवंत राहतो, म्हणून तसे झाले. सफायरमध्ये खेळ फ्लॅश मेमरीत असतो आणि सेल केवळ घड्याळ चालवतो, त्यामुळे सेल काढला तरी कुर्ली-कोळंबी काही हरवणार नाही. सेल सीआर 1616 हवा, आणि तो धातूच्या पट्ट्या जोडलेलाच घ्यावा. उघड्या सेलवर थेट गरम सोल्डरिंग आयर्न टेकवल्यास तो फुटू शकतो. कॅसेटच्या स्क्रूला तीन पाकळ्यांची खाच असते, साध्या स्क्रूड्रायव्हरने ती खाच झिजते आणि मग कॅसेट उघडतच नाही. दमट खाऱ्या हवेत जोडाच्या पट्ट्या हिरवट होतात, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्याव्यात.

खाडीकाठचा (रविवार)
कुर्लीचे नाव आपण कसे ओळखले, ते ठाऊक नाही, परंतु माझ्या क्रॉडॉन्ट या प्राण्याचे नाव खरोखरच कुर्ली आहे. ती पाणी आणि अंधार या प्रकारांची असल्याने जुळ्यांचे मानसिक हल्ले तिला लागतच नाहीत, म्हणूनच घंटा तिच्यासाठी हवी होती.
कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने कोल्हापूरहून सेल मागवून काल बसवून दिला. दुपारी एक वाजता खेळ सुरू केला तेव्हा तो संदेश आला नाही. सहाही बिल्ले जागेवर होते आणि भिंतीवरचे घड्याळ दहापासून पुढे चालू लागले होते. त्या हिशेबाने तीन वाजायला पाच तास होते. सहा वाजता भाच्याला शेजारी बसवून गुहेत शिरलो. जिथे चार दिवस पोहत होतो, तिथे कोरडी जमीन होती. चारही मीठ मिळाले आणि म्हाताऱ्याने घंटा करून दिली. भाच्याची गाडी रात्री नऊची आहे. जेवण आटोपून जुळ्यांसमोर उभे राहतो.