काच बदलून सगळं सुटत नाही

इमारतीच्या हरित (ग्रीन) रेटिंगमध्ये 'गुण कमी पडले तर शेवटी काच बदलू' असं सुचवलं जातं. रेटिंग कुठलंही घ्या, इको निवास संहितेचा (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमांचा) हिशोब आधी मांडा. इंदूर संमिश्र हवामानात येतं, म्हणजे खिडक्या-दारांचं उघडणारं क्षेत्र कार्पेट क्षेत्राच्या किमान 12.5 टक्के हवं. 60 चौ.मी.च्या फ्लॅटला 7.5 चौ.मी. आता 1.5 × 1.2 मीटरच्या पाच खिडक्या घ्या: कागदावर 9 चौ.मी. दिसतात, पण दोन पल्ल्यांची स्लायडिंग निम्मीच उघडते, म्हणून धरायचे फक्त 4.5. त्याच खिडक्या बिजागरीच्या केल्या तर 90 टक्के धरतात, 8.1 होतात आणि विषय संपतो. बाल्कनीचं दार मोजता येतं, कॉरिडॉरमध्ये उघडणारं नाही (हे सर्रास मोजलेलं दिसतं).

काच गडद केली तर आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप) उतरतो खरा, पण खिडक्या भिंतीच्या 30 टक्क्यांपर्यंत असतील तर काचेवर पडणाऱ्या प्रकाशापैकी किमान 27 टक्के आत यायलाच हवा. तिथे फाइल परत येते.

साइटवर ग्रिल आणि जाळीच्या नावाखाली ठेकेदार परत स्लायडिंगच बसवतो. त्यामुळे उघडण्याचा प्रकार विंडो शेड्यूलमध्ये (खिडक्यांच्या तक्त्यात) आणि बीओक्यूमध्ये (कामाच्या परिमाण-यादीत), दोन्हीकडे लिहा.