हॅकिंगचा गेम 'फसला' म्हणजे नेमकं काय झालं?

बर्डीचौक
हॅकिंगच्या खेळांवर मराठीत मत लिहिताना एक शब्द सारखा आडवा येतो. "चौथ्या मोहिमेनंतर गेम फसतो" असं नागपुरात कुणी लिहिलं, तर इथला वाचणारा समजतो की पुढे जायची वाटच बंद झाली. पुण्याकडचा वाचक तेच वाक्य "गेम जमलेला नाही" असं घेतो. एकाला तांत्रिक तक्रार दिसते, दुसऱ्याला दर्जाचा शेरा. अडकणे, हँग होणे, कोंडी होणे हेही सगळे सरमिसळ चालतात. कुठल्या दोषाला कुठला शब्द, ते उदाहरणासकट सांगा.

इतवारीकर
आपल्याकडच्या 'फसणे'वर हिंदी 'फँसना'ची दाट छाया आहे. नागपूर आधी मध्य प्रांताचं अन् मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशाचं राजधानीचं शहर होतं, कचेरीत अन् बाजारात दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. म्हणून "ट्रक नालीत फसला", "बोट दारात फसलं", "मी मीटिंगमध्ये फसून राहिलो" ही वाक्यं इथे कुणाला खटकत नाहीत. पश्चिमेकडे याच जागी रुतला, सापडलं, अडकलो. तिकडे 'फसणे' म्हणजे बेत फसणे, प्रयोग फसणे, नाहीतर कुणाच्या बोलण्याला फसणे. मत सगळ्या महाराष्ट्रासाठी लिहायचं असेल तर नुसतं "गेम फसतो" लिहू नये. "सेव्ह फसतो" (सेव्ह म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती) लिहिलं की निम्मा घोळ मिटतो, कारण सेव्ह काही फ्लॉप होत नाही.

खामलावाली
इतवारीकर, सेव्हचा मुद्दा बरोबर. पण आधी तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतील.

गोठणे: प्रोग्रामच थांबला. टर्मिनलमधला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला) कर्सर लुकलुकत नाही, मागाची (घुसलेल्याचा पत्ता काढणाऱ्या ट्रेसची) उलटी मोजणी सरकत नाही, टास्क मॅनेजरमध्ये खेळाच्या नावापुढे प्रतिसाद नसल्याची खूण येते. 'हँग' चालतोच, पण तो लोक कशालाही लावतात.

अडणे: खेळ ठणठणीत, खेळणाऱ्याला पुढचं सुचत नाही. हॅकनेट या २०१५च्या खेळात याचं एक नेहमीचं कारण म्हणजे काम झाल्यावर मेलला उत्तर न देणं. फाइल उडवली, बाहेर पडला, आता नवी मोहीम आपोआप येईल म्हणून वाट पाहत बसला. ती येत नाही. मोहिमेच्या मेलवर जाऊन उत्तर पाठवलं की खेळ काम तपासतो अन् पुढचं देतो. याला कुणी "बग आहे" म्हणत असेल तर तो खेळावर अन्याय आहे. सूचना नीट दिली नाही, एवढं म्हणता येईल.

फसणे, नागपुरी अर्थाने: प्रोग्राम चालू, खेळणाऱ्याला काय करायचं तेही ठाऊक, पण त्या सेव्हमध्ये ते करायचं साधनच उरलेलं नाही.

कोथरूडची
तिसऱ्यासाठी 'कोंडी' का नको? सगळीकडे कळतो.

इतवारीकर
ताई, कोंडी फुटते. वाटाघाटींची कोंडी फुटली, वाहतुकीची कोंडी सुटली. ज्या सेव्हमधून काहीही केलं तरी बाहेर पडता येत नाही, त्याला कोंडी म्हटलं तर वाचणारा तासभर फोडायचा प्रयत्न करत बसेल.

कोथरूडची
मग फसलेली गाडीसुद्धा ओढून काढता येतेच की!

खामलावाली
येते, आणि म्हणूनच 'फसणे' टिकतो. फसलेला सेव्ह (खटपट केली तर निघेल) अन् बाद सेव्ह (निघणारच नाही) असे दोन शब्द ठेवा.

हॅकनेटचंच घ्या. सर्व्हरला जोडल्यावर नेहमीचा क्रम असा: 'प्रोब' देऊन कुठले पोर्ट (आत शिरायची क्रमांकाची दारं) आहेत अन् किती उघडावे लागतील ते पाहायचं. मग त्या त्या पोर्टचा प्रोग्राम चालवायचा, एसएसएचसाठी २२, एफटीपीसाठी २१, एसएमटीपीसाठी २५, वेबसाठी ८०. लागतील तेवढे उघडले की 'पोर्टहॅक'. काम उरकल्यावर 'सीडी लॉग', मग 'आरएम *' देऊन नोंदी पुसायच्या, मग 'डीसी' देऊन बाहेर. आता घाईत 'डीसी' आधी गेलं अन् 'आरएम *' नंतर, तर? जोडणी तुटलेली असते तेव्हा टर्मिनल आपल्याच मशीनवर काम करतं. त्यातही आपण आपल्या 'बिन' फोल्डरमध्ये उभे असलो, तर पोर्ट फोडायचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात साफ. खेळ आपोआप सेव्ह होतो, त्यामुळे सहज मागेही जाता येत नाही.

हा सेव्ह फसला, पण बाद नाही. ज्या सर्व्हरवरून तो प्रोग्राम पहिल्यांदा मिळाला होता तिथे प्रत शिल्लक असेल, तर परत जाऊन 'एससीपी' देऊन उतरवून घेता येते. त्या सर्व्हरला अजून एखादा पोर्ट फोडल्याशिवाय आत घेत नसेल अन् तो फोडायचा प्रोग्रामच उडाला असेल, तर मात्र बाद धरा. सवय एकच लावायची: 'आरएम *'च्या आधी 'एलएस' देऊन समोर काय आहे ते वाचायचं. नोंदींची यादी दिसली तरच पुसायचं.

महालगल्ली
'बाद' छान आहे. बाद नोट, बाद मत, बाद फलंदाज. तिन्हीत परत वापरता येत नाही हेच सांगितलं जातं. पण एक फरक लिहा. बाद होणं हा दर वेळी खेळाचा दोष नसतो. अपलिंक या २००१च्या खेळात माग पूर्ण होऊन पकडले गेलात की तो एजंट (तुमचं खेळातलं पात्र) संपला, तोच सेव्ह पुन्हा उघडून खेळता येत नाही. हा नियम आहे, अन् खेळ तो लपवत नाही. ते न पटणारे खूप आहेत, कबूल, पण तिथे "सेव्ह फसतो" लिहिणं चूक. "एजंट बाद होतो" लिहा.

बर्डीचौक
'माग' वापरला तुम्ही. ट्रेसला माग सगळ्यांना चालेल?

महालगल्ली
विणकरांच्या पाचपावलीकडे "मागावर बसला आहे" म्हटलं तर तो लुगडं विणून राहिला असं समजतील, तेवढं सोडलं तर चालेल. गंमत बाजूला, 'माग' फार सोयीचा आहे, क्रियापद बदललं की टप्पा कळतो. माग सुरू झाला, माग जवळ आला, माग लागला. 'सुगावा' म्हणजे नुसती कुणकुण, 'मागोवा' आता भाषणांत अन् लेखांच्या मथळ्यांत गेला.

अपलिंकमध्ये तर दोन माग वेगळे सांगावे लागतात. एक तुम्ही आत असताना चालू असतो, त्याची टिकटिक ऐकू येते. दुसरा तुम्ही निघून गेल्यावर नोंदी धरून येतो. नवखे खेळाडू पहिल्यातून सुटले की खुश होतात, अन् काही वेळाने दुसऱ्यात सापडतात. मग मत लिहितात: "कारण नसताना पकडतात." कारण असतं. ज्या यंत्रांवरून उड्या मारत गेलात, तिथल्या नोंदी तशाच पडल्या होत्या. म्हणून जाणते लोक पहिला टप्पा (बाऊन्स, वाटेतलं यंत्र) इंटरनिक या खेळातल्या सर्व्हरवर देतात. तिथे शिरणं सोपं आहे, काम झालं की आपली नोंद तिथून पुसायची, साखळी तिथेच तुटते. पुसायचं साधन हलक्या आवृत्तीचं असेल तर पुसल्याची खूण उरते, हेही ध्यानात ठेवा.

खामलावाली
'टप्पा' आवडला. बाऊन्सला याहून नेमका शब्द नाही. "सात टप्पे देऊन गेलो" यात चेंडूचा टप्पाही आला अन् प्रवासाचाही. टप्पे वाढले की माग मंदावतो, अन् टप्प्यावरच्या यंत्रात तुमचं ॲडमिन खातं असेल तर आणखी मंदावतो.

कोथरूडची
आणि ग्राइंड? अपलिंकवरची जुनी तक्रार तीच आहे ना, की पत वाढवायला तीच तीच कामं करावी लागतात.

इतवारीकर
पाट्या टाकणे. दुसरा शब्द शोधूच नका. "मधल्या टप्प्यात नुसत्या पाट्या टाकाव्या लागतात: फाइल चोरा, फाइल उडवा, नोंद बदला, पुन्हा फाइल चोरा." 'रटाळ' म्हटलं तर गोष्ट कंटाळवाणी असं वाटतं. पाट्या टाकण्यात काम आहे, मोबदला आहे, डोकं लागत नाही. दोष तिथेच आहे.

बर्डीचौक
एक प्रकार राहिला. काही जुन्या खेळांत पैसा मोजका असतो. माग उतरवायलाही (वाढलेला मागाचा आकडा खाली आणायलाही) पैसा, साधन घ्यायलाही पैसा. सगळं चालू दिसतं, पण चार मोहिमा आधीच चूक होऊन गेलेली असते. हे फसणं की बाद?

खामलावाली
हा सगळ्यात वाईट प्रकार, अन् मतांमध्ये सगळ्यात कमी नीट लिहिला जातो. आकडे समजुतीसाठी धरते. समजा एकूण ५००० मिळणार. माग एकदा उतरवायला ५००. शेवटच्या सर्व्हरसाठी लागणारं साधन ३०००. चार वेळा माग उतरवला तर ३००० उरतात, बरोबर पुरतात. पाचवा उतरवला की २५००, अन् सेव्ह त्याच क्षणी बाद झाला. पण खेळ काहीच बोलत नाही. पुढे दोन-तीन तास तुम्ही मेलेला सेव्ह खेळत राहता. याला मी "आतून बाद" लिहीन. अन् मतात नुसतं "पैसा पुरत नाही" लिहू नका. पैसा कुठल्या कामातून पुन्हा मिळतो का, मोहीम पहिल्यापासून सुरू करता येते का, अन् किती वेळा माग उतरवणं परवडतं, ही तीन उत्तरं द्या. मोहीम पुन्हा सुरू करता येत असेल तर दोष निम्मा. नसेल तर तो रचनेचा दोष आहे, खेळणाऱ्याच्या माथी मारायचा नाही.

उपाय विचाराल तर एकच: प्रत्येक मोहिमेआधी खेळ बंद करून सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवायचं, नावात मोहिमेचा आकडा घालून. क्लाउडवर सेव्ह ठेवणारी सोय चालू असेल तर जुनी प्रत परत टाकण्याआधी ती बंद करा. नाहीतर नवा, बाद झालेला सेव्हच पुन्हा उतरून येतो.

कोथरूडची
"खोटा गेम" हा शेरापण फार दिसतो. म्हणजे खरं हॅकिंग असं नसतं, अशा अर्थाने.

महालगल्ली
त्याला 'खोटा' नको, 'नाटकी' म्हणा. खऱ्या चौकशीत पडद्यावर उलटी मोजणी चालत नाही. सर्व्हरच्या अन् इंटरनेट कंपनीच्या नोंदी मागवल्या जातात. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. म्हणजे अपलिंकमधला उशिराने येणारा माग वास्तवाला जास्त जवळ आहे, अन् तोच लोकांना अन्याय वाटतो!

शब्दांतही नाटक आहे. हॅकनेटमध्ये पोर्ट पाहायला 'प्रोब', अन् 'स्कॅन' दिलं की त्या यंत्राला जोडलेली शेजारची यंत्रं सापडतात. बाहेरच्या जगात 'स्कॅन' म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात पोर्टच येतात. ही चूक नव्हे, त्या खेळाची बोली आहे. पण पोर्टांचे आकडे मात्र खरे आहेत, १४३३ हा एसक्यूएल सर्व्हरचासुद्धा.

इतवारीकर
मराठीत खेळणाऱ्यांचा एक दोष कुणी लिहीत नाही, तो मतात जरूर टाका. इनस्क्रिप्ट (देवनागरी टाइप करायचा) कळफलक चालू राहिला असेल तर 'कनेक्ट'च्या इंग्रजी कळा दाबल्यावर 'मदललामू' उमटतं, अन् 'एलएस'चं 'ते' होतं. खेळाच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर रिकामे चौकोन दिसतात, किंवा काहीच दिसत नाही. खेळणाऱ्याला वाटतं गोठला. माग चालूच असतो. विंडोजची कळ अन् स्पेसबार एकदम दाबून इंग्रजी आणा, अन् हे खेळ सुरू करायच्या आधी करा. काही खेळ पूर्ण पडद्यावर असताना भाषा बदलली की मागे जाऊन बसतात.

बर्डीचौक
मग हे 'गोठणे' नाही अन् 'अडणे'ही नाही. काय लिहू?

इतवारीकर
"कळफलक नडला." नडणे इकडे-तिकडे दोन्हीकडे कळतो.

कोथरूडची
शेवटचं विचारते. सेव्ह बाद झाला, झाली की झालं?

महालगल्ली
इथे तरी 'तो सेव्ह' ऐकू येतो, 'तो गेम'सारखा. फाइल म्हटलं की 'ती'. अन् "माझा गेम झाला" असं मात्र मतात लिहू नका, वाचणारे आधी पोलिसांना फोन लावतील.