मदत हवी आहे: ऑगस्टमध्ये सासूबाईंना घेऊन पिरेअस – सँटोरिनी – नाक्सोस – पिरेअस असा फेरीबोटीचा प्रवास

ओवी:
नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये माझे यजमान, सासूबाई आणि मी असे तिघे ग्रीसला जात आहोत. व्हिसा आणि मुंबई–अथेन्स विमानाची तिकिटे झाली आहेत. १० तारखेला अथेन्सला पोहोचू आणि १८ तारखेच्या रात्री परतीचे विमान आहे. एका प्रवास कंपनीने आखून दिलेला कार्यक्रम असा आहे: १२ तारखेला अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून वेगवान कॅटमरानने (दोन सांगाड्यांच्या हलक्या बोटीने) सँटोरिनी बेटावर, १५ ला तशाच बोटीने नाक्सोस बेटावर, आणि १८ ला दुपारी नाक्सोसहून पिरेअसला उतरून तडक विमानतळ. बोटींची तिकिटे अजून काढलेली नाहीत, म्हणूनच वेळेत विचारते आहे.

सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येसुद्धा त्यांना बोट लागते. कंपनीच्या माणसाला याबद्दल विचारले, तेव्हा सगळ्या बोटी सारख्याच असतात, ही फक्त लवकर पोहोचते, एवढेच उत्तर मिळाले आणि ते मला पटलेले नाही. वेगवान बोट आणि मोठी संथ बोट यांत बोट लागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरोखर काही फरक आहे का? वारा वाढून बोट रद्द झाली, तर पैसे आणि मुक्काम यांचे काय होते? राफिना बंदर विमानतळाला जवळ आहे असे वाचले, तर पिरेअसऐवजी तिथून जाणे सोयीचे ठरेल का? आणि गुडघेदुखीच्या माणसाला बोटीत चढता-उतरताना नेमके काय करावे लागते, हेही कोणी सविस्तर सांगितले तर बरे होईल.

सागरवाट:
ओवीताई, मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षे काढली आहेत आणि त्यांतली काही जहाजे ग्रीक मालकांची होती, त्यामुळे पिरेअसशी थोडीफार ओळख आहे.

तुमच्या कार्यक्रमातली सर्वांत मोठी चूक बोटीच्या निवडीत नसून १८ तारखेच्या दुपारीत आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते, म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला काही बिघडले आहे असे वाटतच नाही. पण हा वारा दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, सलग वाहू शकतो. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनावर तो ८ पर्यंत, म्हणजे ताशी ३४ ते ४० सागरी मैलांपर्यंत (नॉट्स) गेला की बंदर खाते मोठ्या बोटींनाही बंदी घालते, आणि कॅटमरानना त्याआधीच थांबवले जाते. आपल्याकडे पावसाळ्यात लाँच महिनोन्‌महिने बंद असतात, ते आपण गृहीत धरून चालतो. तिथे ही बंदी ऐन हंगामात, आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी येते. म्हणून १७ तारखेलाच अथेन्सला परता आणि शेवटची रात्र तिथे काढा. एका रात्रीचे हॉटेल हे तीन विमान तिकिटांपेक्षा केव्हाही स्वस्त पडेल.

आता बोटीचा प्रश्न. पिरेअसहून सँटोरिनीला कॅटमरान सुमारे पाच तासांत पोहोचते आणि पारोस, नाक्सोस ही बेटे करत जाणारी मोठी बोट साधारण आठ तास घेते. कॅटमरान हलकी असते, लाटेवर आपटत जाते, आणि पुष्कळ बोटींवर बाहेर उघड्यावर बसण्याची सोय नसते. मोठी बोट जड असते, तिचे डोलणे संथ असते, आणि मळमळू लागले की डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहत बसता येते. सासूबाईंसाठी तीच घ्या. राफिनाचा विचार सोडून द्या. तिथून मुख्यतः आंद्रोस, तिनोस, मिकोनोस या बेटांच्या बाजूच्या बोटी सुटतात, आणि त्या वाटेला लागून असलेली एविया व आंद्रोस या बेटांमधली सामुद्रधुनी जुन्या खलाशांमध्येही बदनाम आहे.

पैशांचे म्हणाल तर युरोपीय संघाचा २०१० चा ११७७ क्रमांकाचा नियम लागू होतो. बोट रद्द झाली तर पूर्ण परतावा किंवा पुढच्या बोटीत जागा, यांपैकी एक निवडण्याचा हक्क तुम्हाला असतो. मात्र कारण हवामानाचे असेल तर नुकसानभरपाई मिळत नाही, आणि अडकून पडल्यावर मुक्कामाचा खर्च द्यायलाही बोट कंपनी बांधील नसते. तो खर्च तुमच्याच खिशातून जातो, हे धरून चाला.

पारिजात:
मी आई-वडिलांना घेऊन याच मार्गावर प्रवास केला आहे, म्हणून गुडघ्यांबद्दल लिहिते.

बोटीचा मागचा भाग धक्क्यावर उघडतो आणि ट्रक, मोटारी, माणसे सगळी त्याच रॅम्पवरून आत शिरतात. आत गेल्यावर वाहनांच्या मजल्यावरच बेटांच्या नावांची फळ्यांची कपाटे असतात; जड सामान तिथे आपल्या बेटाच्या नावाखाली ठेवायचे आणि फक्त हातातली पिशवी घेऊन वर जायचे. पाटीवर सँटोरिनी शोधू नका, बहुधा थिरा असे लिहिलेले असते. आम्ही त्याच घोटाळ्यात पडलो होतो. मोठ्या बोटींवर वर जायला सरकते जिने आणि लिफ्ट असतात, पण लिफ्ट मागावी लागते, म्हणून रॅम्पवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सासूबाईंकडे बोट दाखवून आधीच सांगा.

खरी धावपळ उतरताना होते. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटेच थांबते, त्यामुळे घोषणा होताच खाली येऊन वाहनांच्या धुरात उभे राहावे लागते. तुम्ही एकाने आधी जाऊन सामान काढावे आणि दुसऱ्याने सासूबाईंना सावकाश आणावे. सँटोरिनीचे आथिनिओस बंदर कड्याच्या पायथ्याशी आहे आणि वर जाणारा रस्ता घाटासारखा वळणावळणाचा आहे. बोट न लागलेल्या माणसाला तिथे गाडी लागू शकते! हॉटेलला सांगून गाडी आधीच ठरवा. बोट लागू नये म्हणून अवोमिनची गोळी डॉक्टरांना विचारून, ते सांगतील त्या वेळी द्या, आणि जवळ आलेपाक ठेवा. बोटीवर शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. पालक किंवा चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री मिळतेच.

ओवी:
दोघांचेही मनापासून आभार. १७ ला परतण्याचे नक्की केले आहे. यजमान म्हणतात की १२ तारखेला अथेन्सहून सँटोरिनीला विमानानेच जावे, म्हणजे आठ तासांची बोट टळेल. शिवाय १५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मोठा सण असतो असे आता कळले. त्या दिवशी सँटोरिनीहून नाक्सोसला जाणे टाळावे का?

सागरवाट:
यजमानांचे बरोबर आहे. ते विमान पाऊण तासाचे आहे, आणि मग पहिला समुद्रप्रवास सँटोरिनी ते नाक्सोस हा दोनेक तासांचाच उरतो. त्या टप्प्यात बोट उत्तरेला, म्हणजे वाऱ्याला तोंड देत जाते, तेव्हा मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर बसा. पुढच्या टोकाला डोलणे जास्त जाणवते.

१५ ऑगस्ट हा मरियामातेचा सण आहे. तिनोसला त्या दिवशी आपल्या वारीसारखी गर्दी लोटते, काही भाविक धक्क्यापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात, आणि पारोसच्या मोठ्या चर्चलाही यात्रा असते. पण तुमची वाट त्या गर्दीच्या आडवी येत नाही. अडचण येते ती सणाआधी अथेन्सहून सुटणाऱ्या आणि सणानंतर अथेन्सला परतणाऱ्या बोटींची, कारण निम्मे अथेन्स बेटांवर गेलेले असते. म्हणून १७ तारखेची नाक्सोस–पिरेअस बोट आजच आरक्षित करा, शक्य असेल तर सकाळची. त्यासाठी पासपोर्टवरचीच नावे द्या, आणि पिरेअसला उतरल्यावर तिसऱ्या क्रमांकाची मेट्रो धरा. त्याच मार्गाच्या काही गाड्या पुढे विमानतळापर्यंत साधारण तासाभरात जातात, त्यामुळे १८ ला टॅक्सी शोधत बसावे लागणार नाही.