अनुभव धागा: पहिले 200 किलोमीटर आणि त्यापुढची वाट

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून, पहाटे लवकर उठून आणि सुट्टीच्या दिवसांचा उपयोग करून लांब पल्ल्याची सायकल चालवतात. रविवारची 40-50 किलोमीटरांची फेरी आणि 200 किलोमीटरांचा अखंड दिवस यांतली दरी प्रत्येकाने आपापल्या परीने ओलांडलेली असते; पण ती कशी ओलांडली, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून विनंती आहे की, अंतर वाढवताना आपण नेमके कुठे अडलात आणि त्या वेळी काय केलेत, हे सविस्तर लिहावे. एकूण किती अंतर कापले, हे एका वाक्यात आले तरी पुरे.

नव्यांसाठी थोडी माहिती देतो. आपल्याकडे ज्याला बीआरएम किंवा ब्रेव्हे म्हणतात, ती ठरलेल्या मुदतीत लांब अंतर पूर्ण करण्याची सायकलफेरी असते, शर्यत नव्हे. 200 किलोमीटरांसाठी साडेतेरा तास, 300 साठी 20, 400 साठी 27 आणि 600 साठी 40 तास अशी मुदत असते. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद घ्यावी लागते आणि त्यांच्या दरम्यान मदतीची गाडी सोबत चालत नाही. पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच मिळत नाही. या परंपरेतली सर्वांत प्रतिष्ठेची वारी म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. ती 1891 साली शर्यत म्हणून सुरू झाली, आता दर चार वर्षांनी होते, आणि सुमारे 1,200 किलोमीटरांसाठी तिची कमाल मुदत 90 तासांची असते.

सुरुवात माझ्यापासून करतो. माझे पहिले 200 किलोमीटर पुणे ते पाचगणी आणि परत असे होते. कात्रजचा जुना घाट आणि खंबाटकी मी उत्साहाच्या भरात चढलो, सुरूर फाट्याला वळून वाईत पोहोचलो तेव्हा अपेक्षेपेक्षा पाऊण तास आधी होतो, आणि त्या आनंदात काही न खाता पसरणीच्या घाटाला लागलो. पाचगणीत भूक नव्हती, म्हणून तिथेही फक्त चहा घेतला. परतताना शिरवळच्या पुढे पाय रिकामे झाले. दुखत काहीच नव्हते, श्वासही ठीक होता, पण पॅडलवर जोरच पडेना आणि समोरचे मैलाचे दगड वाचायला वेळ लागू लागला. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर काही तासांच्या जोरकस श्रमात बरीचशी संपते आणि ती संपल्यावर नुसत्या निर्धाराने सायकल पुढे जात नाही, हे मला त्या दिवशी समजले. एका टपरीवर बसून दोन केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि दुप्पट साखरेचा चहा घेतला व घड्याळ लावून 25 मिनिटे स्वस्थ बसलो. खेड-शिवापूरनंतर नव्या कात्रज बोगद्याकडे जाणारा जो चढ एरवी जाणवतही नाही, तो मी सर्वांत हलक्या गिअरवर चढलो. 12 तास 50 मिनिटांत पोहोचलो. तेव्हापासून भूक लागो वा न लागो, सुरुवातीच्या तासापासूनच दर 40-45 मिनिटांनी काहीतरी खातो. राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे मला मानवतात.

नाशिक, यंत्र अभियंता, वय 38

मी 300 किलोमीटरांवर अडलो आणि तेही पायांमुळे नव्हे. मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याच्या बाजूला जाऊन परत येताना चांदवड मागे टाकले तेव्हा रात्रीचे सव्वानऊ झाले होते, आणि मुदत एक वाजेपर्यंत होती. मागचे चाक बसले. हेडलाइटच्या उजेडात नवी ट्यूब घातली, पंपाने हवा भरली आणि निघालो. दीड किलोमीटरवर चाक पुन्हा बसले. आता जवळ एकच ट्यूब उरली होती, म्हणून घाई बाजूला ठेवून टायर पूर्ण काढला आणि आतून बोट फिरवले, पण काहीच लागले नाही. मग हातरुमाल आतून हलकेच फिरवत नेला, तेव्हा एका जागी त्याचा धागा अडकला. तिथे केसापेक्षा थोडी जाड, जेमतेम दोन मिलिमीटर आत आलेली पोलादी तार होती. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांतल्या अशा तारा महामार्गाच्या कडेला पसरतात आणि आपण सायकलस्वार नेमके त्याच कडेने जातो. बोटाला ती तार जाणवत नाही, कारण दाबल्यावर ती मागे सरते. नखांनी ती निघेना, शेवटी नेलकटरने धरून ओढून काढली.

या साऱ्यात सव्वा तास गेला आणि मी 14 मिनिटे उशिरा पोहोचलो. कार्ड ग्राह्य धरले गेले नाही, आणि नियम पाहता तेच योग्य होते. मला वाईट याचे वाटले की, ट्यूब बदलण्याचा सराव मी घरी खुर्चीत बसून, दिवसाउजेडी केला होता. आता दर महिन्याला एकदा रात्री, गच्चीवर, फक्त सायकलच्या दिव्याच्या उजेडात चाक काढतो आणि बसवतो. तीन ट्यूब, चिकटवण्याचे पॅच, हातरुमाल आणि लहान चिमटा हे सामान कायम सीटखालच्या पिशवीत असते. त्याच मार्गावरचे 300 किलोमीटर पुढच्या हंगामात 18 तासांत पूर्ण झाले.

कोल्हापूर, माध्यमिक शिक्षिका, वय 46

बायका ज्या अडचणीबद्दल आपसांतही कमी बोलतात, तिच्याबद्दल लिहिते. 70 किलोमीटरनंतर सीटवर बसणे मला असह्य होत असे. जाड जेलचे कव्हर घातले, तर त्रास वाढला, कारण मऊ गादीत हाडे रुततात आणि भार नाजूक भागावर येतो. एका जाणत्या मैत्रिणीने घरगुती मोजमाप शिकवले. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण बाकावर ठेवून त्यावर पुढे झुकून बसायचे. बैठकीच्या हाडांचे दोन खळगे उमटतात, त्यांच्या मध्यबिंदूंतले अंतर मोजायचे. माझे अंतर 13 सेंटिमीटर आले आणि माझी सीट त्या मानाने फारच अरुंद होती. रुंद, बेताची कडक आणि मध्ये पोकळी असलेली सीट घेतली. पॅड असलेल्या चड्डीच्या आत सुती अंतर्वस्त्र घालायचे नसते, हेही तेव्हाच कळले. ओली शिवण घासून कातडी सोलते. या दोन बदलांनंतर दीडशे किलोमीटर झाले आणि पुढच्या वर्षी 200.

दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. त्यापायी पाणी कमी पिण्याची चूक मी दोनदा केली आणि दोन्ही वेळा डोके धरून घरी आले. आता मार्ग ठरवतानाच दर 30-35 किलोमीटरवरचे पेट्रोलपंप आणि मोठी हॉटेले कागदावर लिहून घेते.

सातारा, एसटीतून निवृत्त, वय 63

माझी सायकल साधी, 22 इंची, बिनगिअरची आहे. ब्रेव्हे मी केलेली नाही. दरवर्षी कार्तिकी एकादशीच्या आधी साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले, म्हसवड असा पंढरपूरला जातो आणि गोंदवल्याला मुक्काम करतो, कारण ते साधारण निम्म्या वाटेवर पडते. चढ आला की उतरून सायकल हाती धरून चालतो. सुरुवातीला तरुण मुले शेजारून जाताना संकोच वाटत असे. पण चालल्याने मांड्यांना विश्रांती मिळते आणि वर पोहोचल्यावर लगेच बसता येते, हे अनुभवाने कळल्यावर संकोच गेला. निघण्याआधी साखळीला तेल आणि ब्रेकचे रबर नवे, एवढी तयारी मात्र चुकवत नाही.

नागपूर, डॉक्टर, वय 51

शिक्षिका ताईंनी कमी पाण्याबद्दल लिहिले आहे; माझी चूक उलट दिशेची होती, आणि मी डॉक्टर असूनही ती केली. मार्चअखेरीच्या उन्हात दिवसभरात आठ-नऊ लिटर साधे पाणी प्यायलो. दुपारी डोके जड झाले, मळमळू लागले, बोटातली अंगठी फिरेना. तहान लागली असावी असे समजून आणखी पाणी प्यायलो आणि उलटी झाली. घामावाटे मीठ जात राहते आणि पोटात नुसते पाणी पडत राहते, तेव्हा रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते, आणि ते जिवावरही बेतू शकते. बोटे सुजणे आणि पोट डुचमळणे ही लक्षणे दिसली, तर पाणी वाढवू नये. थांबावे, खारट काहीतरी खावे, आणि गोंधळल्यासारखे वाटू लागले तर थेट रुग्णालय गाठावे. आता मी तहानेनुसार पितो, एक बाटली साध्या पाण्याची आणि दुसरी ओआरएसची ठेवतो, व त्यासाठी एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मिठाबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.

ठाणे, वय 35

रेवदंड्याहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने पाच दिवस गेलो. कोकणात घाट लागत नाही, पण प्रत्येक खाडीपाशी उतरावे लागते आणि लगेच चढावे लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटींनी सक्तीची विश्रांती मिळाली. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली, शर्टाचे बटण लावता येईना. तळव्याच्या कडेची नस हँडलवर दबल्याने असे होते. सीटचे टोक खाली झुकलेले होते, त्यामुळे सारा भार हातांवर येत होता. सीट सपाट केली. बोटे पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

नेदरलँड्स, मूळ सांगली, वय 33

इथे चौकाचौकांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे आकड्यांची यादी हँडलला चिकटवली की वाट चुकत नाही. चढ नाहीत, पण समुद्राकडचा वारा चढाचे काम करतो आणि त्याला माथा नसतो. जाताना वारा तोंडावर आणि परतताना पाठीवर घ्यावा, हा इथल्यांनी दिलेला सल्ला मी आता कटाक्षाने पाळते.

लातूर, वय 29

पुढच्या महिन्यात माझी पहिली 200 आहे. आतापर्यंत 120 किलोमीटर झाले आहेत. मध्येच सोडावे लागले तर काय करायचे, हे कोणी सांगेल का?

पुणे, धागाकर्ता

सोडण्याचे ठरवले की सर्वांत आधी आयोजकांना फोन करावा, मग घरी. आपण थांबलो आहोत हे कळले नाही, तर शेवटच्या नोंदीच्या ठिकाणी कोणीतरी रात्री आपली वाट पाहत बसते. सायकल बसच्या टपावर किंवा टेम्पोत टाकता येते, म्हणून जुनी चादर आणि दोन मीटर दोरी जवळ ठेवावी आणि रोख पैसेही असू द्यावेत. तुमचे 120 झाले आहेत, तर पुढच्या दोन रविवारी 140-150 करा आणि त्यांतला एक दिवस पहाटे चारला, दिवे लावून निघा. शेवटच्या आठवड्यात नवीन सीट, नवे बूट किंवा नवे खाणे यांपैकी काहीही वापरून पाहू नका. मार्ग कोणता आहे ते कळवा. आपल्यातल्या कोणी तो केला असेल, तर पाणी आणि खाणे कुठे मिळते ते लिहून पाठवू.