तवंदी घाटात रस्त्यावर पडलेला दगड: चुकवायचा, वरनं न्यायचा, की नुसता ब्रेक मारायचा?

वैजू_निपाणी

नमस्कार. आईला उपचारासाठी बेळगावला न्यावं लागतं, त्यामुळं निपाणी-बेळगाव रस्ता माझा नेहमीचा. गाडी मीच चालवते, छोटी हॅचबॅक आहे. परत यायला हमखास अंधार होतो.

परवा तवंदी घाटात पुढं एक मालट्रक होता. तो आपला सरळ निघून गेला आणि त्याच्या खालनं एकदम दगड समोर आला. नारळापेक्षा मोठा. बंद पडलेल्या गाडीच्या चाकाला लावलेला असणार आणि काम झाल्यावर तिथंच टाकलेला. उजवीकडनं लक्झरी बस जोरात येत होती. मी स्टेअरिंग सरळ धरलं आणि ब्रेकवर उभी राहिले. दगड गाडीखालनं खडखडत गेला. आई मागं झोपली होती, ती दचकून उठून बसली. निपाणीत गाडी वर उचलून बघितली तर खालचं प्लास्टिकचं कव्हर फाटलेलं, बाकी काही नाही.

आता घरात वाद चाललाय. भाऊ म्हणतो, "दगड चुकवायचा असतो, वरनं न्यायचा नसतो." बस दिसत असताना कसा चुकवायचा, ते त्याला सांगता येत नाही.

या रस्त्यावर दगड एकटाच नाही. टायरचे लांबलचक पट्टे, उसाच्या मोळ्या, ताडपत्र्या, एकदा तर अख्खी लोखंडी खाट. जे रोज या रस्त्यावर असतात त्यांनी नीट सांगा. "सावकाश चालवा" एवढंच सांगू नका. सावकाशच चालवते.

एनएच४_प्रेमी

माझ्या मते भाऊ बरोबर आहे. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, फुटला तर खर्च किती येतो माहीत आहे का? स्टेअरिंगचा एक हलका झटका दिला की दगड बाजूला जातो. आताच्या गाड्यांना एबीएस असतं, घाबरायचं कारण नाही.

लाईनवरचा_ड्रायव्हर

ताई, तुम्ही केलंसा ते बरोबर केलंसा. भावाला माझा निरोप सांगा.

मी संकेश्वरचा. कोल्हापूर-हुबळी लाईनवर मालट्रक चालवण्यात माझी उमर गेली, आता नवीन पोरांना शिकवतो. वरच्या साहेबांनी झटक्याचं लिहिलंय, त्याचं आधी बोलतो. दगडानं फार तर गाडी फुटते. झटक्यानं गाडी शेजारच्या पट्ट्यात जाते, नाहीतर दुभाजकावर चढते, आणि उंच गाडी असली तर पलटी खाते. मी रस्त्याकडेला आडव्या झालेल्या ज्या गाड्या बघितल्या, त्यातल्या कितीतरी कशाला धडकलेल्याच नव्हत्या. कुत्रं चुकवलं, खड्डा चुकवला, पोतं चुकवलं, असंच पुढं ऐकायला मिळालं. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. होय, ते खरं. पण वळवायला शेजारी जागा लागते. ती जागा एबीएस कुठनं आणणार?

म्हणून कायम सरळ रेषेत ब्रेक. आरसा आधीच बघितलेला असला आणि शेजारचा पट्टा मोकळा आहे हे माहीत असलं, तरच हळूच सरकायचं. ज्याला आरसा बघायला वेळ मिळाला नाही, त्यानं सरकायचं नाही.

आता खरी गोष्ट. दगड तुम्हाला उशिरा दिसला तो अंधारामुळं नव्हे, पुढच्या ट्रकमुळं. ट्रकचं पोट उंच असतं. दगड चाकांच्या मधनं आरामात जातो, ट्रकवाल्याला कळतसुद्धा नाही, आणि मागच्या गाडीला तो निम्म्या सेकंदावर दिसतो. ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेलाच. मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी पस्तीसेक मीटर. सगळं मिळून ६५-७० मीटर झालं. डीपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या दिव्यावर, चाळीस-पन्नास मीटरपुढचं धड दिसत नाही. म्हणजे रात्री डीपरवर ८० नं जाणारा माणूस दिसत नाही तिथं गाडी घालत असतो. ६० ला हाच हिशेब ४५ मीटरच्या आसपास येतो. समोरनं गाडी नसेल तेव्हा अप्पर लावायचा, आणि डीपरवर असताना ६० च्या वर जायचं नाही.

पोरांना मी अंतर असं शिकवतो. पुढचा ट्रक किलोमीटरच्या दगडापाशी पोचला की मनात म्हणायला लागायचं: एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. तीन पुरे व्हायच्या आत आपण त्या दगडापाशी आलो तर फार जवळ आहोत. रात्री आणि पावसात चार-पाच. मध्ये कोणी घुसलं तर घुसू दे, परत मागं सरायचं.

रस्ता आधी बोलतो, तेही सांगतो. लांबवरच्या गाड्या एकामागोमाग एका बाजूला कलताना दिसल्या की तिथं काहीतरी पडलंय. रस्त्यावर काळ्या रबराच्या कपच्या दिसल्या की पुढं मोठा पट्टा आहे, नाहीतर तो ट्रकच उभा आहे. हिरवी फांदी आडवी दिसली तर ती पडलेली समजू नका, बंद गाडीवाल्यानं खूण म्हणून ठेवलेली असते. फांदी दिसली की तिथंच वेग कमी करायचा, पुढं पन्नास पावलांवर गाडी असणार.

आणि थांबताच येत नाही, सरकताच येत नाही, असं झालं तर शेवटपर्यंत ब्रेक आणि अगदी आपटायच्या आधी पाय उचलायचा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली बसतं, सोडला की वर येतं. तेवढ्या दोन-चार बोटांत चेंबर वाचतो. हे सगळ्यांना जमत नाही, जमलं नाही तरी चालतं. स्टेअरिंग सरळ राहिलं पाहिजे.

फिटर_उद्यमबाग

ड्रायव्हर मामांनी चालवण्याचं सांगितलं, मी खालचं सांगतो. आमच्याकडं पावसाळ्यात आणि ऊस हंगामात अशा गाड्या येतातच.

खालनं काही लागल्यावर लोक पुढं चालवत राहतात. तसं करू नका. पाच मिनिटं डॅशबोर्डवर नजर ठेवा. ऑइलचा लाल दिवा लागला की कडेला घेऊन तिथल्या तिथं इंजिन बंद. "गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, पोचतो" म्हणणाऱ्याचं इंजिन त्या दोन किलोमीटरात धरतं, म्हणजे जाम होतं. चेंबर बदलणं परवडतं, इंजिन उघडणं परवडत नाही. विमा कंपनीचंही तसंच आहे: दगडानं फुटलेला चेंबर साध्या फुल इन्शुरन्समध्ये बसतो. पण ऑइल नसताना गाडी चालवून इंजिन गेलं तर ते पुढचं नुकसान धरतात, आणि इंजिनचं वेगळं ॲड-ऑन नसेल तर पैसे मिळत नाहीत. नुसता टायर फाटला तर तोही मिळत नाही. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालेलं असेल तर टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत देतात. म्हणून गाडी उचलण्याआधी फोटो काढा, दगडासकट.

टायरला दगड लागल्यावर हवा तशीच असली तरी कडेची भिंत हातानं चाचपा. फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. तो टायर स्टेपनीतसुद्धा ठेवू नका. भिंतीला पंक्चर काढत नाहीत, कोणी काढून देतो म्हणाला तर त्याच्याकडं परत जाऊ नका.

टायरच्या पट्ट्याला रबर समजू नका, आत पोलादी तारा असतात. पुढचं चाक त्यावर चढलं की पट्ट्याचं दुसरं टोक उडून बंपर, ब्रेकचा पाइप, वायरिंग, काहीही ओढतं. ताडपत्री आणि नायलॉनची दोरी याच्या उलट, ती काही फोडत नाही, गुंडाळली जाते. वरनं गेलात आणि खालनं फडफड ऐकू आली की थांबून बघा.

आणखी एक, ताईंच्या हायवेवर नाही पण गोकाक, सौंदत्ती, चिकोडीकडच्या आतल्या रस्त्यांवर. सुगीत तिथं हुलगा, तूर रस्त्यावरच पसरतात, गाड्यांनी मळणी व्हावी म्हणून. ती काडं चाकाच्या शाफ्टला गुंडाळतात आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटतात. खालनं जळाल्याचा वास आला की उतरा आणि माणसं आधी बाहेर काढा. शेतकऱ्याला खळं नाही हे मलाही कळतं, माझं घर शेतीचंच. तरी हे धोक्याचं आहे.

खानापूरचा_पोरगा

टू-व्हीलरवाल्यांसाठी कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ऊस गोल असतो. त्यावर चाक तिरकं गेलं की गाडी खालनं निसटते. चुकवता आला नाही तर सरळ काटकोनात ओलांडायचा, त्या क्षणी ब्रेक नाही, क्लच नाही, हँडल घट्ट. सीटवरनं थोडं उठून पायावर वजन घ्यायचं. चिरडलेला ऊस आणि वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, ओली असतील तर तेलावर गेल्यासारखं होतं. आमच्या खानापूर भागात विटांच्या ट्रॉल्या आणि लाल माती, पहिल्या पावसात मातीचा चिखल होतो, तिथंही हेच.

उसाच्या जोड-ट्रॉलीच्या मागं कधीच राहू नका. मागं दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी उसानं झाकलेला. ओव्हरटेक करताना शेजारी रेंगाळू नका, दोन्ही ट्रॉल्या पुरत्या दिसेपर्यंत थांबा आणि मग एका दमात पुढं.

वैजू_निपाणी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन विठ्ठलांचं अंतर कालच करून बघितलं. मी किती जवळ चालवत होते ते पहिल्यांदा कळलं, आणि आईलाही मागं बरं वाटलं, सारखे ब्रेक लागले नाहीत.

आता दुसरा प्रश्न. तो दगड मी तिथंच सोडून आले. रात्रभर मनात होतं, की मागनं एखादा मोटारसायकलवाला आला तर? थांबून उचलायला हवा होता का?

लाईनवरचा_ड्रायव्हर

नाही. हायवेवर, अंधारात, पायी, अजिबात नाही. घाटात तर नाहीच. दगड उचलायला गेलेल्या माणसाला मागच्या गाडीनं उडवलेलं मी बघितलंय. त्याच्यामागं बायको-पोरं होती. जास्त लिहवत नाही.

करायचं काय ते सांगतो. पुढं सुरक्षित जागा बघा, ढाबा, पंप, टोलनाका. तिथं थांबून १०३३ ला फोन लावा. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदतीचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो. गाडीत आई असली तर फोन तिच्या हातात द्या. नुसतं "तवंदी घाटात" सांगून भागत नाही. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा, आणि बेळगावकडं जाणारा रस्ता की कोल्हापूरकडं जाणारा, आणि डावीकडचा पट्टा की दुभाजकाकडचा. एवढं सांगितलं की गस्तीची गाडी सरळ तिथं जाते. कोणाला लागलं असेल, नाहीतर रस्ताच अडला असेल तर ११२.

गावातल्या रस्त्यावर दिवसा, दोन्ही बाजू लांबवर मोकळ्या असतील, तर उचला. गाडी कडेला, चारी इंडिकेटर चालू, आणि दुसरा माणूस रस्ता बघायला उभा पाहिजे.

बाकी हा दगड टाकणारा आमच्याच लाईनचा माणूस आहे, ते मी कबूल करतो आणि मला त्याचा राग येतो. गाडी बंद पडली की दगड लावायला चार हात धावतात. गाडी चालू झाली की तो काढायला कोणी उतरत नाही, कारण क्लीनर आधीच केबिनमध्ये बसलेला असतो. आता तर बऱ्याच गाड्यांना क्लीनरच नाही, एकटा ड्रायव्हर काय काय करणार, हेही खरं. टायरच्या पट्ट्याचं तसंच. रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्या टायरवर नवा पट्टा चढवलेला, वाईट नसतो. हवा कमी, माल जास्त, आणि जोडचाकातला आतला टायर कोणी बघत नाही, तो तापत जातो आणि पट्टा सुटतो. ढाब्यावर थांबलं की टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, प्रत्येक टायर ठोकून बघायचा. हवा कमी असलेला टायर आवाजावरनं कळतो. याला दोन मिनिटं लागत नाहीत.

कोर्ट_गल्ली

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा धोका निर्माण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, दंड पाच हजारांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ गाडी धोकादायक रीतीनं उभी करण्याबद्दल आहे. आणि अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, त्यामुळं "पोलिसांचं लफडं नको" म्हणून जखमी माणसाला सोडून जाऊ नका.

एनएच४_प्रेमी

मामा, झटक्याबद्दल पटलं. पण मग दगड लावायचाच नाही का? घाटात गाडी मागं आली तर?

लाईनवरचा_ड्रायव्हर

लावायचं की, पण दगड नाही, लाकडी ठोकळा. बाभळीचा, तिरका कापलेला, सुताराकडं कुठंही मिळतो. माझ्या पोरांच्या गाड्यांना दोन-दोन आहेत. ठोकळ्याला भोक पाडून दोरी ओवायची आणि दुसरं टोक चेसिसला बांधायचं. गाडी निघाली आणि ठोकळा उचलायला विसरलं तरी तो दोरीनं मागनं येतो आणि खडखडतो, मग ड्रायव्हरला उतरावंच लागतं. दोरी मात्र आखूड ठेवा, मागच्या चाकात जाता कामा नये.